दोर, जमीन आणि दाखला

मांजरेच्या खोऱ्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या देवणीचे नाव दूरवर पोहोचले ते तेथील गोवंशामुळे. परंतु ज्या देवणी बैलाची चाल पाहून बाजारातले गिऱ्हाईक थबकते, त्याची वेसण, कासरा आणि दावे पिढ्यान्‌पिढ्या मांगवाड्यातल्या हातांनी वळली, आणि म्हणूनच मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास मिशनच्या अहवालांपेक्षा या दोरापासून सांगावयास आरंभ करणे मला अधिक न्याय्य वाटते. निजामी अमदानीत हा मुलूख बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबादेस जोडला गेला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. त्याच हैदराबाद संस्थानात, उत्तरेस जालन्याजवळ, जो एक प्रयोग घडला त्यात ईश्वरविद्या, राज्यकारभार आणि रोजची भाकर ही तिन्ही अशी एकत्र आली की त्यांना वेगळे काढणे कोणासही साधू नये.

त्या प्रयोगाचे कर्ते रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या तरुणाने १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्यामागे त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनकडे गेला असता वडिलांनी फिर्याद केली व सुप्रीम कोर्टाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. श्रीपतास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला, तेव्हा त्यांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. श्रद्धा ही मनाची खाजगी बाब आहे असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य ध्यानी घ्यावे. कारण एका मुलाने कोणाबरोबर प्रार्थना करावी हा प्रश्न येथे कोर्ट, ज्ञाती आणि घर या तिघांच्याही अधिकाराचा प्रश्न झाला.

मुंबईत भाऊ दुरावलेले शेषाद्री पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने कार्यास जालन्यास आले. तेथे ब्राह्मणांपेक्षा मांगांनीच त्यांचे ऐकले, आणि ऐकणाऱ्यापुढे जे प्रश्न उभे राहिले ते कोणत्याही धर्मपंडिताच्या ग्रंथात सुटलेले नव्हते. देवीच्या मिरवणुकीत हलगी वाजवावी की नाही? न वाजवावी, तर सुगीच्या वेळी खळ्यावरचे बलुते कोणत्या हक्काने मागावे? पाटलाने दोर घेण्याचे थांबवले तर लेकरांनी खावे काय? एकाच देवाची उपासना करावी ही आज्ञा भूमिहीन माणसाने पाळावयाची तर प्रथम त्याच्या पायाखाली जमीन हवी, हे शेषाद्रींनी ओळखले, आणि माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी ईश्वरविद्या होय. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्यानजीक बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले, तेथे उपासनामंदिर उभे केले आणि शाळा चालविली. १८६५ च्या जिल्हाबंदीने आपल्या महसुली कारभाराची घडी नव्याने बसविणारा मुसलमान दिवाण, ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती उपदेशक आणि गावकुसाबाहेरची मांग कुटुंबे यांच्या या संगतीकडे आपल्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, याची मला खंत वाटते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस जाऊन आलेले शेषाद्री १८९१ साली वारले.

वेगळे गाव वसविण्यात एक उणीव होतीच. आश्रयाने उभे राहिलेले गाव आश्रयदात्याच्या मर्जीवर व मिशनच्या खजिन्यावर विसंबते, आणि शेजारच्या गावाचा पाणवठा मात्र पूर्वीसारखाच बंद राहतो. मराठी ख्रिस्ती जीवनास अभंग-कीर्तनाचे वळण देण्यासाठी झटणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून मिशनच्या चौकटीबाहेर जाण्याचा जो यत्न केला, त्याच्या मुळाशी या परावलंबनाचीच वेदना होती. दोनच वर्षांनी ते निवर्तले.

पुढे निजामी गेली, संविधान आले, आणि खळ्यावरच्या बलुत्याची जागा जातीच्या दाखल्याने घेतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये ते शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लाभले, ख्रिस्ती मांग मात्र बाहेरच राहिला. बाप्तिस्म्याने गावातली अस्पृश्यता धुतली जात नाही हे गावास ठाऊक असते, पण सरकारी दप्तरात ती त्या दिवशीच संपते. म्हणून रविवारी प्रार्थनेस जाणारा बाप मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात ‘हिंदू मांग’ असे लिहून घेतो, तेव्हा त्यास दुटप्पी ठरविण्याचा अधिकार मी कोणाही धर्मगुरूस देऊ इच्छीत नाही. शेषाद्रींनी ज्या कळवळ्याने दिवाणाकडे जमीन मागितली, त्याच कळवळ्याने धर्मगुरूंनी आज या बापाची कैफियत सरकारदरबारी मांडावी. धर्मांतरित दलितांच्या या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.