घरजावयाचा व्हिसा

आपल्याकडे 'घरजावई' हा शब्द तसा टिंगलीचा. सासुरवाडीला मुक्काम ठोकणारा नवरा म्हणजे पिक्चरमधलं हुकमी विनोदी पात्र. पण एकेकाळी ब्रिटनच्या सरकारने मात्र हा माणूस फारच सीरियसली घेतला होता. इतका, की त्याला दारातच अडवायला नियम केले गेले. आजची गोष्ट त्याचीच.

निमित्त असं झालं की माझी एक जुनी टीममेट लंडनला सेटल झाली आहे आणि सध्या ती पुण्यातल्या नवऱ्याला तिकडे बोलावण्याच्या खटपटीत आहे. पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार, चॅटचे प्रिंटआउट... हा एवढा गठ्ठा! वैतागून म्हणाली, "अरे, लग्नाला चारशे माणसं जेवून गेली, तेवढा पुरावा पुरत नाही का?" म्हटलं, हे सगळं सुरू कधी झालं ते तरी बघू. आणि वीकएंड त्यातच गेला.

तर सुरुवात १९६९ची. तोवर कॉमनवेल्थ देशांतून येऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या बाईला परदेशातला नवरा आणता येत असे. त्या वर्षी गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी ते जवळजवळ बंद केलं. पुरुषांना मात्र बायको आणायला आडकाठी नव्हती. मागचं लॉजिक आपल्याला ओळखीचं वाटेल: बायकोने नवऱ्याच्या घरी जायचं असतं, नवऱ्याने कशाला यायचं? तो येतोय म्हणजे नोकरीसाठीच येत असणार! १९७४ मध्ये रॉय जेन्किन्स यांनी ही बंदी उठवली, पण संशय काही उठला नाही.

आणि संशय फक्त नवऱ्यांवर होता असंही नाही. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी हीथ्रोवर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची चक्क कौमार्य चाचणी केली गेली. कारण काय, तर वाग्दत्त वधूला आधी प्रवेशपत्र घ्यावं लागत नसे, बायकोला मात्र लागे. म्हणजे ही 'खरंच' अविवाहित आहे का, हे अधिकाऱ्यांना तपासायचं होतं! 'गार्डियन'ने बातमी छापल्यावर गदारोळ झाला आणि चाचण्या थांबवल्या गेल्या. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांमध्येही अशा किमान ८० तपासण्या झाल्या होत्या, हे २०११ मध्ये सरकारी कागदपत्रांतून उघड झालं. वाचून सुन्न व्हायला होतं.

१९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने नवऱ्यांसाठी नियम पुन्हा आवळले. बायको नुसती ब्रिटनमध्ये स्थायिक असून भागेना. ती ब्रिटिश नागरिक हवी, शिवाय तिचा किंवा तिच्या आईवडिलांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमधला हवा. वर 'प्रायमरी पर्पज'ची अट. म्हणजे लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नसावा, आणि १९८३ पासून तर हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. आता बोला! एखादी गोष्ट 'नाही' हे सिद्ध कसं करणार?

इथे आपला घरजावई येतो. अधिकारी म्हणत, तुमच्या रीतीप्रमाणे तर मुलगी सासरी जाते, मग हा मुलगा बायकोच्या देशात का निघाला? त्याअर्थी हेतू व्हिसाचाच. प्रश्न असा येई की परवानगी नाकारली तर भारतात एकत्र राहाल का? 'हो' म्हटलं, तर मग व्हिसा हवाच कशाला? 'नाही' म्हटलं, तर बघा, हेतू उघडच आहे! आमच्या भाषेत सांगायचं तर असा इफ-एल्स, ज्याच्या दोन्ही फांद्या 'रिजेक्ट'वरच जातात. ठरवून केलेल्या लग्नांना याचा सगळ्यात जास्त फटका बसला, म्हणजे मुख्यतः भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या नवऱ्यांना.

शेवटी ब्रिटनमध्ये कायम राहणाऱ्या तीन बायका स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. अब्दुलअजीझ, काबालेस आणि बालकंदाली. पैकी पहिलीचा नवरा पोर्तुगीज नागरिक होता, पण जन्म आपल्या दमणचा! सरकारचा युक्तिवाद होता की पुरुष आले तर देशातल्या लोकांच्या नोकऱ्या जातात. न्यायालयाला तो पटला नाही. २८ मे १९८५ रोजी निकाल लागला: पुरुषांना एक नियम आणि बायकांना दुसरा, हा लिंगभेद आहे. वंशभेदाचा आरोप मात्र न्यायालयाने मानला नाही.

बायका जिंकल्या. आता नियम बदलणार, नवरे येणार... नाही! नियम बदलले त्याच वर्षी, पण उलट्या दिशेने. नवऱ्यांवरची अट काढण्याऐवजी ती बायकांनाही लावली. झाली समानता! एखाद्या युजरने 'हे फीचर मला दिसत नाही' म्हणून बग टाकावा आणि डेव्हलपरने फीचर सगळ्यांसाठीच बंद करून बग क्लोज करावा, तसा हा प्रकार. १९७१च्या कायद्याने आधीच स्थायिक झालेल्या कॉमनवेल्थ पुरुषांना बायकामुलं आणण्याची हमी दिली होती, तीही १९८८ मध्ये गेली.

'प्रायमरी पर्पज'चा नियम अखेर १९९७ मध्ये लेबर सरकारने रद्द केला. पण मनातलं ओळखण्याची जागा हळूहळू खिशाने घेतली. जोडीदाराच्या कायम वास्तव्याआधीचा काळ एका वर्षाचा २००३ मध्ये दोन वर्षांचा झाला आणि २०१२ मध्ये पाच वर्षांचा. २०१२ मध्येच इथल्या जोडीदाराला वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड झाली. अट आता स्त्री-पुरुष दोघांना सारखीच, हे खरं. पण ज्या गटाचे पगार मुळातच कमी, त्याला ती जास्त बोचते आणि बायकांचे पगार सरासरी कमीच असतात.

एक गोष्ट मला यातून पक्की कळली. 'सगळ्यांना समान नियम' एवढंच ऐकून टाळ्या वाजवायच्या नाहीत. समानता वर उचलूनही करता येते आणि खाली खेचूनही. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो विमानतळाच्या काचेपलीकडे वाट बघत थांबलेल्याला.

असो. तुमच्या ओळखीत कोणी असा गठ्ठा गोळा करत असेल, तर त्याला चहा पाजा. पन्नासेक वर्षांचा संशय फाईलमध्ये लावतोय बिचारा.