आयुर्वेदाचे विद्यापीठीय शिक्षण

आयुर्वेदाचे विद्यापीठीय शिक्षण : गुरुगृही होणारे वैद्यकाचे अध्ययन नियत पाठ्यक्रम, परीक्षा व पदवी यांच्या चौकटीत आणण्याचा भारतातील उपक्रम. विद्यार्थ्यास केवळ आयुर्वेदीय संहिता शिकवाव्यात, की त्यांच्या जोडीला आधुनिक वैद्यकही शिकवावे, हा या उपक्रमाच्या इतिहासातील मुख्य वादविषय होय.

परंपरागत पद्धतीत शिष्य गुरूजवळ राहून चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांचे अध्ययन करी आणि रोगपरीक्षा व औषधनिर्मिती प्रत्यक्ष पाहून शिके. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात १८२७ मध्ये वैद्यकाचा वर्ग सुरू झाला. १८३५ मध्ये कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालय स्थापन होताच तो बंद करण्यात आला. या वर्गाचे अध्यापक मधुसूदन गुप्त नव्या महाविद्यालयात गेले व तेथे १८३६ मध्ये केलेल्या शवविच्छेदनामुळे प्रसिद्धीस आले. यानंतर शासकीय आश्रय मुख्यतः पाश्चात्त्य वैद्यकास मिळाला. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने वैद्यकव्यावसायिकांची नोंदणी पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांपुरती मर्यादित झाली आणि वैद्यवर्ग तिच्याबाहेर राहिला.

या परिस्थितीत वैद्यांनी स्वतःच संघटना व शाळा उभारल्या. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नासिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे आयुर्वेद महाविद्यालय काढले. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. मद्रास इलाख्यात महंमद उस्मान समितीच्या चौकशीनंतर १९२५ मध्ये भारतीय वैद्यकाची शासकीय शाळा सुरू झाली. मुंबई इलाख्यातील वैद्यांच्या नोंदणीची तरतूद १९३८ च्या कायद्याने झाली.

मिश्र व शुद्ध पाठ्यक्रम : बनारस हिंदू विद्यापीठात १९२७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झाले. तेथे आयुर्वेदाबरोबर आधुनिक शारीर, शरीरक्रियाविज्ञान व शस्त्रक्रिया हे विषयही शिकवले जात. तथापि दोन्ही शास्त्रे शिकूनही आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांचा दर्जा मिळत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार होती. तीतून आंदोलने झाली आणि १९६० मध्ये हे महाविद्यालय आधुनिक वैद्यकाच्या महाविद्यालयात रूपांतरित झाले. आयुर्वेदासाठी १९६३ मध्ये तेथेच पदव्युत्तर संस्था निघाली. रामनाथ चोप्रा समितीने १९४८ मध्ये दोन्ही पद्धतींच्या समन्वयाची शिफारस केली होती, तर मोहनलाल व्यास समितीने १९६३ मध्ये शुद्ध आयुर्वेदाच्या पाठ्यक्रमाचा पुरस्कार केला. जामनगर येथील गुजरात आयुर्वेद विद्यापीठाचे कार्य १९६७ मध्ये सुरू झाले.

भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियम (१९७०) संमत झाल्यावर निरनिराळ्या प्रांतांतील पदव्यांच्या जागी देशभर एकच पदवी, बी.ए.एम.एस., रूढ झाली. साडेचार वर्षांचे अध्ययन व एक वर्षाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असे तिचे स्वरूप आहे. संहिता, द्रव्यगुण, रसशास्त्र, कायचिकित्सा, शल्य व शालाक्य यांबरोबर शारीर, विकृतिविज्ञान इ. विषयांत आधुनिक ज्ञानाचाही अंतर्भाव होतो. म्हणजे व्यवहारात समन्वयच टिकला. महाराष्ट्रातील आयुर्वेद महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आली. केंद्रीय परिषदेच्या जागी २०२० च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय आयोग आला.

पदवीची समानता आली, तरी अधिकाराचा प्रश्न सुटला नाही. आयुर्वेद पदवीधरास आधुनिक औषधे देण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याची अधिसूचना २०२० मध्ये निघाली, तेव्हा आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांनी तिला तीव्र विरोध केला. या वादात रुग्णाची सुरक्षितता हा कळीचा मुद्दा आहे. प्रकृती व दोष यांना अनुसरून प्रत्येक रुग्णाचे औषध बदलणाऱ्या चिकित्सेची नियंत्रित चाचणी घेणे अवघड असते. पारा, शिसे यांसारखे धातू असलेल्या रसौषधींबाबत काटेकोर परीक्षण आवश्यक ठरते. संहितेतील वचनाचा आदर राखून त्याची परीक्षा घेण्याची शिस्त विद्यार्थ्यास लावणे, हे विद्यापीठीय शिक्षणाचे गुरुकुलाहून वेगळे असे कार्य होय; ते कितपत साधते, यावरच या शिक्षणाचे मूल्य ठरेल.