लक्ष्मीबाईंचा विषाद

विषादालाही योग म्हणणारी परंपरा आपली आहे. गीतेचा पहिला अध्यायच तो. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्या अध्यायापासून प्रवचनांना आरंभ केला, आणि पुढे 1938 पासून ते पवनारला धाम नदीच्या काठी राहिले. तेव्हा वर्धेच्या लोकांना अर्जुनाचा विषाद मी नव्याने सांगावा, अशी गरज नाही. पण अर्जुनाजवळ सारथी होता. ज्याचा सारथीच रथातून उतरून गेला, त्या माणसाने काय करावे?

हा प्रश्न घेऊन मी लक्ष्मीबाई टिळकांची हकिगत सांगणार आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या बळाची गोष्ट निघाली की या गावात दुसरेच नाव आधी ओठांवर येते, ते मगनवाडीच्या जे. सी. कुमारप्पांचे. 1934 च्या अखेरीस निघालेल्या ग्रामोद्योग संघाचा भार त्यांनी इथे वाहिला, तुरुंगात बसून येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. परंतु कुमारप्पा जन्माने ख्रिस्ती. ती श्रद्धा त्यांना बाळकडूतच मिळाली होती. लक्ष्मीबाईंचे तसे नव्हे. ज्या श्रद्धेने त्यांना पुढे उभे केले, तिनेच आधी त्यांना आडवे पाडले होते.

त्यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे आणि सोवळ्याने झपाटलेले. लग्न लहानपणीच झाले. नवरा कवी, बुद्धीने तल्लख, मनाने उदार, आणि एका जागी न टिकणारा. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरास होते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवीत. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले ते सोडलेच नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इतिहासाच्या पुस्तकात ही एका कवीच्या धर्मांतराची तारीख आहे. घरी राहिलेल्या बाईच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, हे आज समजावून सांगावे लागते. नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नव्हे. पण त्याच्या पंक्तीला बसता येत नाही, त्याच्या हातचे पाणी चालत नाही, म्हणून संसारही नाही. कुंकू आहे, पण ज्याच्या नावाचे ते लावायचे, तो जातीबाहेर गेला. पदरी दत्तू, चार वर्षांच्या आतबाहेरचा. पतीचे निधन झाले असते तर रडण्याची रीत ठरलेली होती. या दुःखाला रीतच नव्हती. आप्तांच्या आधाराने त्या पंढरपुरास राहिल्या. अन्न जाईना, रडे थांबेना. बाईला वेड लागते की काय, असे आजूबाजूच्यांना भय वाटू लागले. अक्षरओळख बेताची, तरी याच दिवसांत त्यांच्या हातून पद्य उतरू लागले. मला वाटते, उभारी धरण्याची पहिली खूण तीच. तिच्यात धर्माचा भाग नव्हता. दुःखाला कुठेतरी ठेवायला जागा हवी होती, ती सापडली.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ते पुस्तक या घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1934 पासून, छापून येऊ लागले. तोवर लक्ष्मीबाई स्वतःकडे पाहून हसायला शिकल्या होत्या. पानोपानी आपल्याला हसू येते, आणि त्या हसण्याखाली केवढे रडे गाडलेले आहे, ते ध्यानात येत नाही. मराठी वाचकाने त्यांच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ केले. विषादाची दखल कमी घेतली.

वर्षे गेली. शेवटी आप्तांचा विरोध पत्करून त्या नगरला पतीकडे गेल्या, पण आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडली पाहिजे. बायकोला न सांगता धर्म बदलणाऱ्या माणसाच्या खात्यावर दुसरीही एक नोंद आहेच. मग लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला: जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले तसे आचरण बदलले. आधी जात सुटली, येशूवरचा विश्वास मागून आला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बाई असे त्यांच्याविषयी कोणी म्हणते, तेव्हा तो हा क्रम विसरतो.

त्या श्रद्धेचे रूपही पाहण्याजोगे आहे. देवघरात एकटे बसून मनाला शांतवणे, एवढेच ते नव्हते. पूर्वी परक्याच्या सावलीला जपणारी ही बाई प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांच्या उशाशी बसली. घरात पोरकी मुले येत, ती आपलीच होत. विषादात माणूस स्वतःभोवती फिरत राहतो. इथे दुसऱ्याच्या तापाने फणफणलेल्या कपाळावर हात ठेवावा लागत होता. (खिन्नता हा आजारही असू शकतो, त्याला आज औषध आहे आणि ते घ्यावे, लक्ष्मीबाईंच्या काळी ती सोय नव्हती.)

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, म्हणजे ठरलेला पगार गेला. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले. आता ते खरोखरच गेले होते आणि परतण्याची आशा नव्हती. 1895 साली कोसळलेली बाई या वेळी रडली, पण कोसळली नाही. पुढे त्या कराचीलाही राहिल्या. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, ते ‘ख्रिस्तायन’ अकरा अध्यायांच्या सुमारास थांबले होते. ज्या चरित्राने आपला संसार मोडला होता, ते बेताचे शिक्षण झालेल्या या बाईने हाती घेतले आणि सुमारे चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले. 1936 च्या फेब्रुवारीत त्या नाशिकला वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले 1938 साली.