माउंट रोडवरील स्पेन्सर

मद्रासच्या माउंट रोडचा, म्हणजे आजच्या अण्णा सालैचा, इतिहास सांगताना स्पेन्सरचे नाव टाळून चालत नाही. १८६३-६४ च्या सुमारास ड्युरंट आणि स्पेन्सर या दोघांनी हे दुकान थाटले. शतकाच्या अखेरीस त्याला इंडो-सारासेनिक घाटाची देखणी वास्तू लाभली. विलायती जिनसांची तेथील खरेदी ही मुख्यतः साहेबलोकांची आणि धनिकांची मिरास होती.

१९८० नंतर आगीने ती वास्तू गिळली. १९९१ मध्ये त्याच जागी ‘स्पेन्सर प्लाझा’ उभा राहिला. आता काश्मिरी शाली, पुस्तके, कपडे यांचे शेकडो गाळे आले आणि सामान्य माणूसही तेथे निःसंकोच वावरू लागला. परंतु हे गाळे निरनिराळ्या लोकांनी विकत घेतलेले. साऱ्या वास्तूची काळजी वाहणारा एक धनी राहिला नाही.

२०१३ मध्ये वेलाचेरी उपनगरात फिनिक्स मार्केटसिटी उघडले. तेथे गाळे भाड्याचे. न चालणारे दुकान हलवून नवे आणणे मालकाच्या हाती. गिऱ्हाईक अशा बाजारांकडे वळले आणि स्पेन्सरमधील कित्येक गाळ्यांना कुलपे लागली. मालकी वाटून घेता आली, श्रोतेहो. निगा राखण्याची जबाबदारी मात्र वाटून घेणे जमले नाही.