घाटात तापणारी सिल्व्हर घोस्ट

जुन्या मोटारींच्या इतिहासात राजे येतात, शर्यती येतात, पितळी दिवे येतात. पाणी येत नाही. आज आपण फक्त पाण्याबद्दल बोलू. एखादी शंभर वर्षांची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट रस्त्यात वाफ सोडायला लागली की लोक म्हणतात, 'त्या काळची रचनाच तशी.' आम्हाला हे पटत नाही.

थोडं मागे जाऊ. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी चक्क उकळून उडून जायचं, वाटेत पुन्हा भरायचं. हा प्रश्न खऱ्या अर्थानं सुटला १९०१ च्या मर्सिडीजमध्ये. विल्हेल्म मायबाखनं ८,०७० बारीक चौकोनी नळ्या डाख देऊन जोडल्या आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. नळ्यांतून वारा, भोवतालच्या फटींतून पाणी.

घोस्टचा ग्रीक देवळाच्या आकाराचा रेडिएटर त्याच घराण्यातला. पाणी फिरवायला पंप, वारा ओढायला पट्ट्यावरचा पंखा. दाब मात्र नाही. म्हणजे उंचावर पाणी लवकर उकळणार. १९१२ च्या आल्प्समधल्या स्पर्धेत जेम्स रॅडलीची घोस्ट ऑस्ट्रियातल्या कात्शबेर्ग घाटात अडकली. घाट सुमारे १,६४० मीटरवर, तिथं पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. पण गाडी अडली ती गिअरमुळं: तीनच होते, आणि पहिला त्या चढाला पुरेना. १९१३ साठी कंपनीनं चौथा गिअर दिला आणि सोबत रेडिएटरही मोठा केला. आम्ही याचा अर्थ असा लावतो: खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं, गाडी हळू जाते, म्हणजे उष्णता जास्त आणि वारा कमी. एक दुरुस्ती केली की दुसरी आलीच, हे त्या लोकांना नीट कळत होतं.

मग आज तीच गाडी सपाट रस्त्यावर का तापते? रचना तीच आहे, म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललंय. ते शोधायचं.

आधी विचारायचं, तापते कधी? सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंखा आणि त्याचा सैल पट्टा बघा. वेगात तापत असेल तर पाणी अडतंय. दोन्ही वेळा तापत असेल तर स्टिअरिंगवरच्या त्या छोट्या दांडीकडे बघा. ठिणगीची वेळ तिथून हातानं बदलायची असते. आजच्या गाड्या हे आपोआप करतात, त्यामुळं चालवणाऱ्याच्या लक्षातच राहत नाही. ठिणगी उशिरा पडली की चाकाला जायची ताकद पाण्यात उष्णता म्हणून जाते. हे तपासायला एक पैसाही लागत नाही, आणि तरी ते शेवटी तपासलं जातं!

मेकॅनिकचं आवडतं निदान म्हणजे 'हेड गॅस्केट गेलं'. घोस्टमध्ये ते शक्यच नाही. तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे, आणि हेड त्यातच ओतलेलं, गॅस्केट नाहीच. ऐकायला बरं वाटतं, पण पाण्याच्या कप्प्याला तडा गेला तर अख्खा ठोकळा गेला, आणि तो दुकानात मिळत नाही. म्हणून 'चालवून बघू' हा प्रयोग इथं करू नये.

आणखी एक मोह म्हणजे दाब धरणारं आधुनिक झाकण. पाणी उशिरा उकळेल हे खरं, पण जुन्या डाखाचे सांधे त्या दाबासाठी केलेलेच नाहीत.

बहुतेक वेळा दोषी निघतो तो गाळ. गंज, क्षार, कुणीतरी गळती बुजवायला टाकलेली पूड. इंजिन गरम करून बंद करायचं आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवायचा. जिथं थंड लागेल तिथं वाट बुजलीय. रबरी नळ्याही काढून आतून बघायच्या, बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून फुगलेली असते. तीव्र आम्ल ओतू नये, ते गाळाबरोबर डाखही खातं. रेडिएटर उतरवायचा, उलटा करायचा आणि पाणी नेहमीच्या विरुद्ध दिशेनं, नळाच्या साध्या दाबानं सोडायचं. पहिल्यांदा चहासारखं लाल येतं. स्वच्छ येईपर्यंत कधीकधी दोन दिवस जातात.