परळची बाटली आणि लशीतला पारा

गावात लसीकरणाचा दिवस असला की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "लशीत पारा घालतात म्हणे, खरं का?" खरं आहे. काही लशींत पाऱ्याचं एक संयुग अगदी थोडं असतं. ते का घालावं लागलं, याची गोष्ट आपल्या मुंबईतच सुरू होते.

1896 साली मुंबईत प्लेग आला. लोक घरं सोडून साष्टीच्या मोकळ्या हवेकडे निघाले. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा भातखाचरांची खेडी होती. प्लेग तिकडेही पोचलाच. वांद्रे-अंधेरीकडच्या जुन्या गावठाणांत त्या साथीत उभारलेले क्रूस आजही दिसतात. सरकारने बोलावलेले डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

ही लस खराब होऊ नये म्हणून तिच्यात कार्बोलिक आम्ल घालत. पुढे लस भराभर तयार व्हावी म्हणून पद्धत बदलली आणि ते आम्ल वगळलं. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना टोचणी झाली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरीही गेली. पुढे चौकशीत निघालं, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला. 1907 साली ते निर्दोष ठरले. माती लागलेला एक चिमटा, बंधूंनो! आपले हात तर दिवसभर मातीतच.

एका बाटलीतून दहा जणांना टोचायचं, तर दहा वेळा सुई आत जाणार. तेवढ्यात एखादा जंतू शिरलाच तर तो वाढू नये, म्हणून 1930 नंतर थायोमर्सल हे पाऱ्याचं संयुग वापरात आलं. धनुर्वात-घटसर्पाच्या मोठ्या बाटलीत ते अजून असतं. एका टोचणीत पारा जास्तीत जास्त 25 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले पंचवीस. तो इथिल जातीचा. रक्तातला निम्मा साधारण आठवड्याभरात उतरतो. डेन्मार्कने 1992 साली मुलांच्या लशीतून थायोमर्सल काढलं. मुलांमधल्या स्वमग्नतेच्या नोंदी तरीही वाढतच गेल्या. म्हणजे ते दुखणं या पाऱ्याचं नव्हे. गोवराच्या लशीत थायोमर्सल नसतंच, कारण त्यातले जिवंत विषाणू त्याने मरतील. म्हणून ती बाटली उघडल्यावर चार तासांनी टाकून देतात. नर्सबाई अर्धी भरलेली बाटली टाकताना दिसल्या तर नासाडी म्हणून भांडू नका, त्या बरोबरच करताहेत.

मिथिल जातीचा पारा मात्र वेगळा. तो शरीरात महिनोन् महिने रेंगाळतो आणि मेंदूला धरतो. 1971-72 च्या हिवाळ्यात इराकमध्ये हा पारा लावलेलं गव्हाचं बियाणं वाटलं गेलं. पेरणी तोवर उरकली होती, भूक होती, आणि पोत्यांवरची सूचना परक्या भाषेत. लोकांनी लाल रंग धुऊन काढला. रंग गेला, विष राहिलं. भाकऱ्या खाऊन सहा हजारांवर माणसं रुग्णालयात गेली, त्यांतली 459 मेली. आपल्याकडेही ज्वारीच्या बियाण्याला पाऱ्याची भुकटी चोळायची पद्धत होती. इथिल आणि फिनिल जातीची ती औषधं आधीच बंद झाली. उरलेल्या मेथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइडवर 2018 साली बंदी आली. जुना डबा माळ्यावर सापडलाच तर तो उघडू नका, जाळू नका, विहिरीजवळ पुरू नका. कृषी सहायकाला दाखवा. आणि औषध कुठलंही असो, प्रक्रिया केलेलं उरलेलं बी दळायला किंवा कोंबड्यांना घालायचं नाही.

घरातही पाहा. धान्याच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. लशीला घाबरणारी मंडळी या गोळ्या मात्र खुशाल गव्हात घालतात! गोळी फुटली तर पारा दाण्यांत सांडतो, त्याची वाफ घरात पसरते. त्यापेक्षा धान्य कडक वाळवा, झाकण घट्ट लावा. गोरेपणाच्या काही मलमांतही पारा सापडला आहे. 2023 साली समोर आलेल्या अकोल्याच्या प्रकरणात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा मलमाने बिघडली. पारा असल्याचं परळच्याच केईएम रुग्णालयात उघड झालं. डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक नसेल, तर ती तशीच दुकानात राहू द्या.