दिवाळीच्या किल्ल्यात नगरचा कोट

दिवाळीच्या सुटीत अंगणात, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारातल्या एखाद्या कोपऱ्यात किल्ला उभा करण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक पिढ्या चालत आली आहे. तिच्याकडे आपण संस्कार म्हणून पाहतो, शिवरायांचे स्मरण म्हणून पाहतो. पण ती बांधकामाच्या खेळण्याचीही परंपरा आहे. विषय ठरलेला, पात्रे ठरलेली, साहित्य हाताशी असेल ते, आणि आठवडाभरात काहीतरी उभे करून दाखवायचे. मोठी माणसेही या खेळात रमतात, नकाशे मिळवून, मापे काढून रायगडाची किंवा राजगडाची हुबेहूब प्रतिकृती घडवतात. या प्रौढ छंदाच्या बाजूने पाहिले की अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात एक गोष्ट खटकते. बांधणाऱ्याला सर्वाधिक शिकवू शकेल असा भुईकोट शहराला लागून उभा आहे, आणि नगरची मुले मात्र दिवाळीत डोंगर रचतात. नगरच्या दिवाळीत नगरचा कोट उभा राहिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाचा अभिमान हे त्याचे कारण दुय्यम. खेळण्याचा खरा कस कुठे लागतो, हा मुख्य प्रश्न आहे.

बांधकामाच्या खेळण्यांचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न जुनाच आहे. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या हाती साधे लाकडी घन आणि ठोकळे दिले. त्यांतून काय करायचे ते मुलाने ठरवायचे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेले. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी १९३२ मध्ये सुरू झालेल्या सुतारकामाच्या कारखान्यातून लेगो निघाले, आणि आजची एकमेकांत घट्ट बसणारी प्लास्टिकची वीट १९५८ मध्ये ठरली. त्या विटेतून काहीही घडवता येत होते. १९७८ मध्ये लेगोने पिवळ्या विटांचा, शिपायांसह एक मध्ययुगीन किल्ला बाजारात आणला. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरचे संच आले. २००८ मध्ये ताजमहाल आला, ५,९०० हून अधिक तुकड्यांचा आणि उघडच मोठ्यांसाठी. तेव्हापासून छंदिष्टांत दोन तट आहेत. एक म्हणतो, विषय ठरवून दिला की कल्पना मरते, मूल पुस्तिकेबरहुकूम तुकडे जोडते आणि संच फळीवर जाऊन बसतो. दुसरा म्हणतो, विषयाशिवाय मुलाला सुरुवातच सापडत नाही. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. १९७८ चा तो किल्ला विषय ठरलेलाच होता, पण त्याच्या भिंती लहान लहान विटांनी रचाव्या लागत. पुढच्या काही वर्षांत भिंतीचा मोठा भाग एकाच साच्याच्या तुकड्यात येऊ लागला. विषय तोच राहिला, बांधणे मात्र कमी झाले. म्हणून कसोटी विषयाची लावू नये. बांधणाऱ्याला किती प्रश्न स्वतः सोडवावे लागतात, याची लावावी.

दिवाळीचा किल्ला या कसोटीवर आजवर चांगला उतरला, याचे कारण त्याच्या साहित्यात आहे. दगड, फुटक्या विटा, जुने गोणपाट आणि चिखल यांतून उतार काढायचा, तर माती किती ओली हवी हे हातालाच कळावे लागते. पाणी जास्त झाले तर कडा घसरतो, कमी झाले तर वाळल्यावर भेगा पडतात. हळीव किंवा मोहरी पेरायची, तर चार-सहा दिवस आधी पेरावी लागते, नाहीतर लक्ष्मीपूजनाला गड बोडका राहतो. परातीचे तळे गळू नये, गुहेचे छत वाघावर कोसळू नये, पायऱ्या दरवाजापाशीच येऊन थांबाव्यात, हे सगळे बांधकामाचेच प्रश्न आहेत. सिंहासनावर महाराज, वाटेवर मावळे, पायथ्याशी गवळण आणि शेतकरी ही पात्रे ठरलेली असली तरी त्यांच्यासाठी जागा मुलालाच काढावी लागते. त्यातच कोणी प्लास्टिकचा रणगाडा आणून ठेवतो. काळाची ही सरमिसळ मोठ्यांना खटकते, पण १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय असलेल्या आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र बाळगणाऱ्या नगरमध्ये तिला निदान स्थानिक आधार आहे. या खेळाला खरा धक्का दिला तो प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तयार किल्ल्याने. बुरूज, तट, दरवाजा, पायऱ्या सगळे एका साच्यात. रंगासकट घरी आणायचे आणि वर चित्रे मांडायची. प्रश्न एकही उरत नाही. लेगोच्या मोठ्या भिंतीवर छंदिष्टांनी जो आक्षेप घेतला, तोच इथे दुप्पट जोराने लागू पडतो.

मातीने रचलेल्या किल्ल्यातही एक ठरावीकपणा शिरला आहे, आणि तिथे नगरचा संबंध येतो. ढिगारा करायचा, त्याला कडे काढायचे, माथ्यावर महाराज बसवायचे, एवढ्यावर डोंगरी किल्ला भागतो, कारण संरक्षणाचे निम्मे काम डोंगरच करतो. सपाटीवरच्या कोटाला ती सवलत नाही. अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहमनी सैन्याचा पराभव केला आणि भिंगारजवळच्या त्याच भूमीवर आपली राजधानी वसवली. तिथे बाग निजाम नावाचा वाडा होता, आणि त्याभोवतीचा पहिला तट मातीचा होता. आजचा दगडी तट हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीतला, १५५९ नंतरच्या तीनेक वर्षांतला. आराखडा जवळजवळ वर्तुळाकार, घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर, ठरावीक अंतरावर गोल बुरूज आणि भोवती रुंद, खोल खंदक. यातली एकही गोष्ट शोभेची नाही. वर्तुळात कमीत कमी तटाने जास्तीत जास्त जागा वेढता येते. चौकोनी कोपरा तोफेच्या माऱ्याला लवकर ढासळतो, गोल बुरूज अधिक टिकतो. दोन बुरुजांतले अंतर असे ठेवावे लागते की मधल्या तटाच्या पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर दोन्हीकडून मारा व्हावा. खंदक केवळ अडवत नाही. तो सुरुंग खणणाऱ्याला दूर ठेवतो, आणि त्यातून निघालेली माती अशा कोटांना भरावासाठीही उपयोगी पडते.

या योजनेची परीक्षा इतिहासात दोनदा कडक झाली. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने कोटाला वेढा दिला आणि तटाखाली सुरुंग खणले. आतून कोट लढवणाऱ्या चांदबिबीच्या माणसांनी ते शोधून निकामी करायला सुरुवात केली. तरी १५९६ च्या फेब्रुवारीत एक सुरुंग उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. ते लढवून तिने रातोरात बुजवून घेतले. मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून तह करावा लागला. कोट त्यांच्या हाती आला तो १६०० मध्ये, चांदबिबीचा तिच्याच लोकांकडून खून झाल्यानंतर. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून तो काही दिवसांच्या माऱ्याने घेतला, पण वेल्लोर सोडले तर इतका मजबूत देशी किल्ला आपण पाहिला नाही, असा अभिप्रायही दिला. खिंडार कुठे पडते, ते कसे बुजवतात, खंदकाच्या आत सुरुंग कसा पोचतो, हे परातभर चिखलात करून पाहणाऱ्या मुलाला वेढ्याची सनावळी पाठ करावी लागणार नाही.

मग हा कोट दिवाळीत का दिसत नाही? एक कारण आकाराचे आहे: उंची नसलेला किल्ला दुरून उठून दिसत नाही, आणि स्पर्धेत परीक्षकाचे लक्ष उंचीकडे आधी जाते. दुसरे कारण वावराचे: कोट आज लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे तो शहरातल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला राहिलेला नाही. तिसरे कारण हाच सर्वांत गंभीर आक्षेप आहे. दिवाळीचा किल्ला हे शिवरायांचे स्मरण आहे, तिथे निजामशाहीचा कोट कशाला, असे कोणी विचारेल. ही भावना मी हलकी मानत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड यांच्यासह बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, तेव्हा घरोघरच्या या मातीकामाचीही मान उंचावली. पण भोसल्यांच्या घराण्याची वाटच नगरमधून जाते. मालोजी निजामशाहीचे सरदार होते. त्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली, अशी परंपरा सांगते. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या मलिक अंबरच्या बाजूने लढताना शहाजीराजांनी नाव कमावले आणि शरीफजी कामी आले. बुडत्या निजामशाहीचा वारस शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर गादीवर बसवला. खुद्द शिवरायांनी १६५७ मध्ये नगरच्या पेठेवर छापा घातला. १७५९ मध्ये हा कोट पेशव्यांकडे आला, १७९७ मध्ये शिंद्यांनी नाना फडणवीसांना इथेच कैदेत ठेवले, आणि १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेसचे नेते इथे बंदिवासात होते. नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले गेले. या कोटाला परका म्हणायचे, तर आपलाच निम्मा इतिहास परका म्हणावा लागेल.

ज्यांना या खेळात महाराज हवेतच, त्यांनाही जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना मोगल मागावर असता महाराज अकोले तालुक्यातल्या पट्टा किल्ल्यावर येऊन राहिले, आणि त्याचे नाव विश्रामगड झाले. कड्यांची आवड असणाऱ्याला हरिश्चंद्रगड आणि रतनगड याच तालुक्यात आहेत. वर्तुळ अवघड वाटणाऱ्या लहान मुलाने जामखेड तालुक्यातला खर्ड्याचा चौकोनी किल्ला घ्यावा. ११ मार्च १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई त्याच्याच परिसरात झाली. श्रीगोंदा तालुक्यात भीमेकाठी पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ मध्ये कैद केलेल्या संभाजी महाराजांना तिथे आणले गेले, आणि हत्तीच्या मोटेने नदीचे पाणी वर चढवण्याची सोयही तिथेच होती. डोंगरी, चौकोनी, वर्तुळाकार, नदीकाठचा: एवढे नमुने एका जिल्ह्यात असताना सगळ्यांनी एकच ढिगारा करायचा, यात स्मरणही नीट होत नाही आणि बांधकामही.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. हा खेळ आहे, त्याला धड्याचे ओझे कशाला? आणि फ्लॅटमधल्या, माती न मिळणाऱ्या मुलांनी तयार किल्ला आणला तर बिघडले कुठे? पहिल्याला माझे उत्तर असे, की अवघडपणा हेच या खेळाचे सुख आहे. जगभरातली मोठी माणसे हजारो तुकड्यांचे संच पदरमोड करून घेतात, ती सोपे म्हणून नव्हे. दुसऱ्यात तथ्य आहे. जागा आणि माती यांची टंचाई खरी आहे, आणि तयार किल्ल्याभोवतीही घरात चार दिवस महाराजांची गोष्ट सांगितली जाते. पण भुईकोट तर कमी जागेचाच किल्ला आहे. त्याला उंची लागत नाही. एक मोठी परात, दोन पाट्या कुंडीची माती, तटासाठी पुठ्ठा किंवा विटांचे तुकडे, खंदकासाठी भोवतीची मोकळी कड एवढ्यावर तो बाल्कनीत उभा राहतो. ज्यांच्या घरी प्लास्टिकच्या विटांचा डबा पडून आहे, त्यांनी सरळ विटांनी गोल काढून पाहावा. वर्तुळ जमवताना जी कसरत होते, ती कोणत्याही तयार पुस्तिकेपेक्षा जास्त शिकवते.

म्हणून जिल्ह्यातल्या शाळांना, मंडळांना आणि किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. येत्या दिवाळीत ‘जिल्ह्यातला किल्ला’ असा स्वतंत्र गट ठेवा. त्यात उंचीला गुण देऊ नका. दरवाजा तिथेच का, पाणी कुठून येते, बुरुजांतले अंतर किती, याची उत्तरे मुलांना विचारा आणि त्या उत्तरांना गुण द्या. साच्यातला तयार किल्ला या गटात घेऊ नका. आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी परवानगीच्या दिवशी मुलांना नगरच्या कोटाभोवती एक फेरी घडवा, खंदकाची रुंदी पावलांनी मोजू द्या. बाकीचे मुले स्वतः करतील.